केशरबाईच्या नावाचा तांब्या

बाग जळाली ती गोरक्षमुळे. हे सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं, कारण हा गोरक्ष म्हणजे हे लिहिणाराच आहे, आणि स्वतःची चूक 'मी' म्हणून सांगायला बसलं की माणूस तिला हळूच इस्त्री करायला लागतो. तेव्हा गोरक्षच म्हणू. तो दुसरा कुणी आहे असं धरलं की त्याला चार शब्द मोकळेपणानं सुनावता येतात.

सत्त्याण्णव सालचा एप्रिल होता. सुप्याच्या एमआयडीसीत बटणांच्या टेलिफोनचे सर्किट बोर्ड बनवणारी एक कंपनी होती आणि गोरक्ष तिथे स्टोअरला कारकून होता. बारावीला रसायनशास्त्रात छत्तीस मार्क पडल्यावर घरच्यांनी त्याला कॉमर्सला घातलं होतं. या छत्तीस मार्कांचा पुढच्या प्रकाराशी थेट संबंध आहे.

माल घेणारी मुंबईची मोठी कंपनी आपलं माणूस तपासणीला पाठवणार होती. त्यांच्या परदेशी गिऱ्हाइकांनी म्हणे आता विचारायला सुरुवात केली होती, की टेलिफोन स्वस्त पडतो ते छान, पण तो बनवणाऱ्यांचे हात कसे आहेत आणि आजूबाजूचं पाणी कसं आहे. कंपनीचे मॅनेजर, ज्यांना सगळे नुसतं साहेब म्हणत, त्यांना हे प्रश्न आगाऊ वाटले. पण ऑर्डर मोठी होती. त्यांनी गोरक्षला बोलावून सांगितलं, "पाहुणे गेटातून आत आले की पहिल्यांदा हिरवळ दिसली पाहिजे."

एप्रिलात, सुप्याला, हिरवळ. बोअरनं मान टाकलेली, टँकर तीन दिवसांआड. गोरक्ष पाण्याच्या शोधात कंपनीच्या मागे गेला, तर तिथला हौद काठोकाठ भरलेला. तांब्याचा पत्रा तेजाबात बुडवून त्यावर बोर्डाची नक्षी काढायचे, आणि ते वापरलेलं तेजाब नि धुण्याचं पाणी या हौदात सोडायचे. मातीचाच हौद, आत काळा प्लॅस्टिकचा कागद अंथरलेला. पाण्याचा रंग मोराच्या मानेसारखा. उन्हात ते असं चमकत होतं की गोरक्ष घटकाभर नुसता बघत उभा राहिला. महिनाभर उन्हात पडून पाण्याचा राग एव्हाना शांत झाला असेल, असा त्यानं विचार केला. छत्तीस मार्क ते हेच. त्यानं मोटर लावली, पाइप ओढला आणि सगळी बाग मनसोक्त भिजवली.

तिसऱ्या दिवशी हिरवळ जुन्या पत्र्याच्या रंगाची झाली. गुलाबाची पानं विझलेल्या बिडीसारखी खाली गळून पडली. साहेबांनी विचारलं तेव्हा गोरक्ष म्हणाला, "बोअरचा क्षार असेल, साहेब." कुणाचाच दोष निघत नाही असं उत्तर साहेबांना नेहमी आवडायचं. त्यांनी लगेच सुप्याच्या मंडपवाल्याकडून हिरवं जाजम मागवलं.

जाजम यायच्या आत लंकाबाईनं ती बाग पाहिली, आणि इथून पुढची गोष्ट तिची आहे.

लंकाबाई साळवे चाळिशीची होती. सोल्डरिंगच्या दुसऱ्या रांगेत, खिडकीपाशी तिची जागा. हातात तापलेली सळई, पुढ्यात तळहाताएवढा बोर्ड, आणि डोळे असे की आत्ताच झोपेतून उठलीय किंवा आता निजणार आहे. सुपरवायझर मच्छिंद्र म्हणायचा, "ही बाई झोपेत काम करते, पण एक ठिपका चुकत न्हाई." दिवसाला हजारो कथिलाचे ठिपके ती घालायची. प्रत्येक ठिपक्यागणिक राळेच्या धुराची एक बारीक दोरी वर जायची. धुराचा वास विहारातल्या उदबत्तीचा चुलतभाऊ. हातमोजे नि पंखे कपाटात होते, म्हणजे होते.

जेवणाच्या सुट्टीत गोरक्ष मुद्दाम तिच्याजवळ डबा उघडायचा. कारण लंकाबाईला दिसायचं ते दुसऱ्या कुणाला दिसत नव्हतं. बिघडलेला एखादा बोर्ड ती मांडीवर ठेवायची आणि त्यावरून बोट फिरवायची.

"ह्ये बघ, समदं हिरवं रान. अन् ह्ये तांब्याचं पाट. कसं वळनावळनानं चाल्लंय पानी. असं रान तू आपल्या पारनेर तालुक्यात कुटं बघितलंस का?"

"मावशी, त्यातून पाणी नाही, वीज जाते."

"जाऊं दे की. पन वाटंत माझा ठिपका लागतो का न्हाई?"

"लागतो."

"मंग झालं. मानसाचा आवाज चालत चालत येतो, माझ्या ठिपक्यापाशी घटकाभर टेकतो, जयभीम घालतो अन् फुडं जातो. मला दिसतंय ते."

"सगळेच आवाज जयभीम घालतात?"

"काय रामराम घालत असतील. मी कशाला कुनाला अडवू?"

तिनं स्वतः कधी टेलिफोनवर बोललेलं नव्हतं. कुणाला लावायचा हाच प्रश्न होता. तिची सगळी माणसं हाकेच्या अंतरावर होती. कंपनीच्या मागच्या उताराला, ओढ्याच्या काठावर पंधरा घरांची वस्ती, तिथे.

तर ती बाग. शुक्रवारी सकाळी कामावर येताना लंकाबाई जळालेल्या हिरवळीपाशी थांबली, खाली बसली आणि गवताच्या बुडाची माती नखानं खरवडली. मातीवर निळसर हिरवी पापडी धरली होती. तिनं ती बोटांत चोळली. मग गोरक्षकडे पाहिलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदा तिचे डोळे पुरते जागे दिसले.

"कुटलं पानी घातलंस?"

गोरक्षनं तिला खरं सांगितलं. तिच्याशी खोटं बोलणं जड जायचं. ती उलट काही म्हणायचीच नाही, नुसती बघत राहायची.

"दुपारी माझ्यासंगं चल," ती म्हणाली.

उतारानं खाली दहा मिनिटं. वस्तीची विहीर घडीव दगडांची, पायऱ्यांची. पाणी खोल गेलं होतं आणि उघड्या पडलेल्या पायऱ्यांवर बागेतल्या पापडीचाच रंग चढला होता. निळा. वरून पाहिलं तर फार सुंदर दिसत होतं, जणू आभाळाचा तुकडा कुणी दगडात बसवला आहे.

"ह्यो रंग चौदा एप्रिलच्या तोंडावर आला," लंकाबाई म्हणाली. "जयंतीच्या आधी. मग काय, वस्तीला वाटलं, बाबासायबांच्या निळ्या झेंड्याचा रंग हिरीला आला. पोरं नाचली. मीच पायऱ्यांवर मेनबत्त्या लावल्या."

गोरक्षनं वाकून पायरीवरची पापडी नखानं खरवडली. बागेतलीच होती.

त्या पंधरवड्यात वस्तीतल्या पोरांची पोटं बिघडली होती. उलट्या व्हायच्या. पाण्याला पैसा तोंडात धरल्यासारखी चव येत होती. पण लंकाबाईला वाटायचं, आपण दिवसभर कथील हाताळतो, आपल्याला सगळंच तसं लागणार. भाकरीलाही तिला तीच चव लागायची. आणि वर कंपनीत साहेब कौतुकानं सांगायचे, की मागचा हौद कधी उपसावा लागत नाही, इथलं ऊनच सगळं पिऊन टाकतं. ऊन काही पीत नव्हतं. अंथरलेला कागद कोपऱ्यात फाटला होता.

ही विहीर साधी नव्हती. लंकाबाईची सासू केशरबाई तरुणपणी गावच्या विहिरीपासून दहा पावलं लांब घागर घेऊन उभी राहायची. कुणाला दया आली तर वरून पाणी ओतायचे, नाही आली तर ऊन डोक्यावर येईपर्यंत उभं राहायचं. बहात्तरच्या दुष्काळात दिवसभर खडी फोडून आल्यावर वस्तीच्या बायाबापड्यांनी ही विहीर खणली. खडक लागला, तो फोडला. पाणी लागलं त्या दिवशी केशरबाईनं एक पितळी तांब्या आणला, त्यावर आपलं नाव घालून घेतलं आणि सांगून ठेवलं, की या वाटेनं जाणारा कुणीही असो, या तांब्यापासून तो तहानलेला परत गेला असं व्हायला नको. गावच्या विहिरीपाशी जे तोंड फिरवून उभे राहायचे, तेही उन्हाळ्यात इथे पाणी पिऊन गेले. केशरबाई त्यांना बसायला घोंगडी द्यायची. पंचवीस वर्षांत त्या तांब्यानं कुणाला नाही म्हटलं नव्हतं. सासू गेल्यावर तांब्या लंकाबाईकडे आला.

"तू सायबाला सांग," लंकाबाई म्हणाली. "बाग कशानं जळाली त्ये. तू शिकलेला हायेस, तुझं ऐकतील."

गोरक्षनं पायऱ्यांकडे पाहिलं. मग म्हणाला, "मावशी, जूनमध्ये मी कायम होणार आहे. तेवढं होऊ दे."

"बरं," ती म्हणाली. रागावली नाही, हेच वाईट. विहिरीच्या काठावरून आत पाहत राहिली, जणू तळाशी तिचं कुणी बसलं होतं आणि त्याला ती विचारत होती.

शनिवारी मच्छिंद्रनं चार बायांना बाजूला घेऊन उत्तरं पाठ करून घेतली. पाहुण्यांपुढे याच चौघी जायच्या होत्या. लंकाबाई त्यात होती, कारण ती फारसं बोलत नाही असा तिचा लौकिक होता.

"हातमोजे मिळत्यात का?" मच्छिंद्र.

"मिळत्यात," चौघी.

"धुराचा तरास?"

"काय न्हाई."

"पानी?"

"पानी शुद्ध हाय."

"लंकाबाई, तुझा आवाज न्हाई आला."

"पानी शुद्ध हाय," लंकाबाई म्हणाली. पोरं कविता म्हणतात तसं, खिडकीबाहेर बघत.

तिला काय वाटत असेल याचा गोरक्ष त्या दोन दिवसांत फार विचार करत होता. तिच्या घरात कमावते हात दोनच, आणि ते दोन्ही तिचे. नवरा गेल्याला सहा वर्षं झालेली. ती बोलली तर कंपनी तिला ठेवणार नाही. नाही बोलली तर सासूनं खणलेल्या विहिरीचं पाणी पोरांना पाजत राहायचं, नाहीतर घागर घेऊन पुन्हा गावच्या विहिरीवर जायचं. आता तिथे कुणी अडवणार नव्हतं, कायदा होता, नळही होते. पण लंकाबाई म्हणाली, "माझी सासू जिथनं निगाली, तिथं मी परत जाऊन हुबी राहू व्हय?"

सोमवारी पाहुणी आली. मुंबईच्या कंपनीनं आपल्या पुण्याच्या ऑफिसातून पाठवलेली तिशीची बाई, खादीचा कुडता, हातात जाड वही. मंडपवाल्याच्या जाजमावरून चालत आत गेली, एकदा खाली पाहिलं. कँटीनमध्ये टेबलावर पाण्याच्या विकतच्या बाटल्या रांगेनं मांडल्या होत्या. बायांचे हातमोजे इतके नवे होते की त्यांना बोटं वाकवता येत नव्हती.

तिघी कविता म्हणून गेल्या. चौथी लंकाबाई. ती आली तेव्हा तिच्या हातात तो पितळी तांब्या होता, वर फुलपात्र पालथं घातलेलं. मच्छिंद्रच्या कपाळाला आठी पडली, पण साहेब हसले. गावाकडच्या बायका, पाहुण्याला आधी पाणी, छान दिसतं.

"घरनं आनलंय," लंकाबाई म्हणाली.

"बसा ना," पाहुणी म्हणाली. "इथलं पाणी कसं आहे? वस्तीवर कुठलं पिता?"

लंकाबाईनं फुलपात्र सरळ केलं, त्यात पाणी ओतलं आणि पुढे ठेवलं. बाहेर ऊन रटरटत होतं. पाहुणी पुण्याची असली तरी कुठल्यातरी गावातूनच पुण्याला गेलेली असणार, कारण तिनं बाटल्यांकडे पाहिलंही नाही. फुलपात्र उचललं, तोंडाशी नेलं.

आणि लंकाबाईनं त्यावर हात ठेवला.

"नका पिऊ, ताई."

खिडकीतून ऊन तिरकं आत आलं होतं. त्या उन्हात तांब्यावरचं नाव वाचता येत होतं. गोरक्ष दारात चहाचा ट्रे घेऊन उभा होता. त्याला वाटलं आपण पाण्याखाली आहोत आणि सगळे फार हळू हलतायत.

"प्यायचं नाही तर आणलंस कशाला?" साहेब म्हणाले.

"त्यांनी इचारलं पानी कसं हाय. तोंडानं सांगायला मला पाठ करून दिल्यालं. त्ये चुकलं असतं." तिचा हात अजून फुलपात्रावरच होता. "माझ्या सासूच्या तांब्यानं आजवर कुनाला न्हाई म्हटलं नव्हतं. आज म्हनाया लागलं."

पाहुणीनं फुलपात्र खाली ठेवलं. पाण्याकडे बघितलं, वास घेतला, वहीत काही लिहिलं. साहेब म्हणाले, "मॅडम, पितळी भांडं आहे. पितळेत तांबं असतंच. चव लागणार." हे इतकं झटपट आलं की खरंही वाटलं असतं.

"मग पाणी विहिरीतूनच बाटलीत घेते," पाहुणी म्हणाली, "आणि भांडंही नेते. दोन्ही तपासू. चला, विहीर दाखवा."

सगळे बाहेर निघाले. जाजम सकाळपासून उन्हात तापून आखडलं होतं, त्याची कड वर आली होती. पाहुणीच्या चपलेत ती अडकली, आणि खालची बाग दिसली. तांबूस, मेलेली, निळ्या पापडीची.

"हे कशानं?"

साहेबांनी गोरक्षकडे पाहिलं. क्षाराचं उत्तर तयार होतं, एकदा वापरून झालेलं. गोरक्षनं लंकाबाईकडे पाहिलं. ती त्याच्याकडे बघतच नव्हती. तांब्या छातीशी धरून ती उताराकडे पाहत होती, डोळे पुन्हा तसेच, अर्धे मिटलेले. ती त्याच्यासाठी थांबलेली नव्हती. त्यामुळे असेल, पण त्याच्या तोंडून निघून गेलं.

"मागच्या हौदातलं पाणी मी घातलं. एकदाच घातलं. वस्तीच्या विहिरीत ते रोज जातंय."

यात शौर्य फार नव्हतं. जाजम सरकलं नसतं तर तो बोलला असता की नाही, हे त्याला आजही सांगता येत नाही.

कंपनीतून कुठलीही वस्तू बाहेर जायची तर गेटपास लागतो. नियम म्हणजे नियम. तांब्या पुण्याला निघाला तेव्हा पास गोरक्षनंच फाडला: 'पितळी तांब्या, नाव घातलेला, नग एक. परत येणारा माल.' खाली सही त्याची. लंकाबाईनं ते वाचायला लावलं, आणि 'परत येणारा' हे दोनदा वाचून घेतलं.

नंतरचं थोडक्यात सांगतो. तपासणीत विहिरीच्या पाण्यात जे सापडायचं ते सापडलं, भांड्याशी त्याचा काही संबंध नव्हता. ऑर्डर थांबली. कंपनीनं आधी आम्ही जबाबदार नाही म्हटलं, मग ऑर्डर थांबलेलीच राहिली तेव्हा सिमेंटचे तीन हौद बांधले, पाणी साफ करून पुन्हा वापरायची यंत्रं आणली, आणि तोवर वस्तीला रोज टँकर पाठवला. विहीर पाच वेळा उपसली, पायऱ्या बायांनी घासल्या. पंखे कपाटातून बाहेर आले. पाहुणीनं अहवालात लिहून ठेवलं होतं की या बाईला कामावरून काढू नये, म्हणून काढलं नाही, पॅकिंगला बसवलं. तिथे बोर्ड बंद खोक्यात येतात. हिरवं रान दिसत नाही, पाट दिसत नाहीत. तिच्या जागी दुसरी बाई बसली, चांगली होती, पण तिला बोर्डात बोर्डच दिसायचा.

गोरक्ष जूनमध्ये कायम झाला नाही. सुपे फाट्यावर तो एसटीडी बूथवर बसायला लागला. काचेची खोली, लाल आकडे पळणारं मीटर आणि बटणांचा टेलिफोन. त्या टेलिफोनात लंकाबाईचे ठिपके असणार, असं त्यानं धरून ठेवलंय.

विहीर हिवाळ्यात नितळली. लंकाबाई स्वतः बूथवर सांगायला आली आणि त्याला वस्तीवर घेऊन गेली. पाणी स्टीलच्या पेल्यात दिलं. गोड होतं.

"तांब्या न्हाई, म्हनून पेल्यात," ती म्हणाली.

"नवा आणतो मावशी. नाव घालून."

"नवा कशाला? त्याच्यावर हाताच्या खुना हायेत समद्यांच्या. त्यो परत येनारा माल हाय. तूच लिवलंस."

त्यानं पुण्याला तीन पत्रं टाकली. एकाचं उत्तर आलं, की त्या मॅडम नोकरी सोडून गेल्या, वस्तू शोधून कळवू. कळवलं नाही.

आता लंकाबाई दर बुधवारी सुटीला बूथवर येते. काचेच्या खोलीत जाऊन उभी राहते, टेलिफोनच्या पाठीवर तळहात ठेवते, गाईच्या पाठीवर ठेवावा तसा. गोरक्ष बाहेरच्या टेबलावरच्या जोडफोनवरून त्या मॅडमच्या पुण्याच्या ऑफिसचा नंबर फिरवतो. लांबवर घंटी वाजत राहते. कुणी उचलत नाही. तो ठेवायला जातो तेव्हा ती हात वर करते.

"थांब," ती म्हणते. "आवाज पायी गेलाय. वाटंत ठिपके लई हायेत, परत्येकापाशी टेकत असंल."

तो थांबतो. घंटी वाजत राहते. गेटपासची कार्बन प्रत त्याच्या खिशात अजून घडी घालून आहे, 'परत येणारा' या शब्दांपाशी थोडी फाटलेली.